दोनशे सदतीस फुलं

हिमायतनगरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या सोमवारी इतकी गर्दी होती की मशीन तापून तिला जळक्या शेंगदाण्यांसारखा वास यायला लागला होता. दुसऱ्या दिवशी घरोघर सर्वे होता. नवं राज्य होऊन अडीच महिने झाले होते आणि त्याला आपली माणसं मोजून घ्यायची होती, म्हणून सगळं शहर आधार कार्ड, रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक हातात धरून रांगेत उभं होतं. मीही होतो. माझ्या घरात मोजण्यासारखं मी सोडून काही नाही, पण एका माणसालाही कागद लागतातच. मशीनमधून कुणाची तरी इंग्रजी पानं भराभर पडत होती, त्यातलं एक सरकत माझ्या चपलेपाशी आलं. मी वाकलो. शहात्तराव्या वर्षी वाकायला वेळ लागतो आणि उठायला त्याहून जास्त, तेव्हा मधल्या वेळात पान वाचून झालं. गुलाब, निर्यातीसाठी. दर चौरस मीटरला वर्षाची फुलं दोनशे सदतीस. त्याखाली बारीक अक्षरात, होसूर येथील प्रत्यक्ष पाहणीवरून. मी वाकलेलाच राहिलो. मागचा म्हणाला, "क्या चचा, कमर पकड़ ली क्या?" कुणीतरी हसलं. कंबर नव्हती धरली. आपण फार वर्षांपूर्वी एखाद्या गावाच्या बाहेर सोडून दिलेलं जनावर गल्लीच्या तोंडाशी उभं दिसावं, तसं झालं होतं.

कारण दोनशे सदतीस माझे होते. तेव्हा, म्हणजे पंच्याण्णव साली, मी फुलांच्या कंपन्यांना कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या एका ऑफिसात होतो. त्या दोन-तीन वर्षांत ज्याच्याकडे शंकरपल्लीकडे किंवा शमशाबादकडे चार एकर होते तो प्रत्येक जण प्लॅस्टिकच्या घरात गुलाब लावून हॉलंडला पाठवणार होता. खर्चाचे आकडे मिळायचे. लोखंडी पाइप, प्लॅस्टिकचा कागद, थेंबाथेंबाची नळी, थंड खोली, विमानाचं भाडं, सगळ्याची कोटेशनं यायची. एकच गोष्ट कोणी सांगत नव्हतं, ती म्हणजे झाड देतं किती. ती पाहायला मला होसूरला धाडलं. मी बेंगळूरला उतरलो, मॅजेस्टिकजवळ एका लॉजमध्ये राहिलो, ज्यातला एक शब्द कळत नव्हता असे दोन कन्नड सिनेमे पाहिले, डोसे खाल्ले आणि परत आलो. होसूर तिथून तासाभरावर होतं. का गेलो नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आळस म्हणावं तर तोही नव्हता. जे पाहायला जायचं ते आपल्याला सांगता येतंच, मग पाहायचं कशाला, असं काहीतरी माझ्या अंगात लहानपणापासून आहे. परतताना खिशात लॉजची पावती होती, दोन दिवसांचे दोनशे सदतीस रुपये. गाडीत बसून मी ती बघत होतो. दोनशे चाळीस लिहिलं असतं तर वरच्या साहेबाने विचारलं असतं, कशावरून? सदतीस म्हटल्यावर तो मान डोलावतो. सदतीस कोणी मनाने काढत नाही, असं माणसांना वाटतं.

सूर्यभान आमचा टायपिस्ट. परभणीकडचा. त्याचे वडील भिवाजी दुसऱ्यांच्या रानात सालं काढून काढून शेवटी हैदराबादेत रेल्वेच्या कारखान्यात लागले, आणि सूर्यभान शिकून आमच्या ऑफिसात आला. फार स्वच्छ टाइप करायचा. त्या ओळीवर त्याची बोटं थांबली. "साहेब, खरंच मोजली?" मी म्हटलं, "एकेक." इथे थांबलो असतो तर त्याचं आणि माझं दोघांचं भलं झालं असतं. पण त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की तसं कोणी पाहिलं तर माझ्यासारख्याला थांबता येत नाही. मग मी होसूरची बाग उभी केली. तिथला डच माळी पहाटे चारला उठून गुलाबांना पेटी वाजवून दाखवतो. मजूर एका टोकाकडून कापत निघतात, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा कळ्या. फुलं विमानात खोक्यात नाही, खुर्च्यांवर बसून जातात, कमरेला पट्टा बांधून, आणि हवाई सुंदरी प्रत्येकाला विचारते, पाणी घेणार? सूर्यभान हसून हसून लाल झाला. मग डोळे पुसून त्याने विचारलं, "साहेब, किती जमीन लागते हो याला?" अर्धा एकर, मी म्हटलं. "अर्धाच?" तो म्हणाला, आणि टाइप करायला लागला. आमच्या घरी उदगीरला जमीन होती; ती विकली तेव्हा मी कागद न वाचता सही केली होती. त्या 'अर्धाच'मध्ये काय होतं ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. पुढे एकदा पब्लिक गार्डनच्या एका म्हाताऱ्या माळ्याला मी आकडा सांगितला. चौरस मीटरला सहा झाडं, म्हणजे झाडाला जवळजवळ चाळीस फुलं. तो म्हणाला, "साहेब, ते झाड आहे की काय आहे? वर्षात चाळीस वेळा बाळंत होतं का?" मी हसलो. खरी किती येतात, हे मी त्यालाही विचारलं नाही.

"साहेब, तुमी?" पान माझ्या हातातून घेणारा हात केसरबाईचा होता. सूर्यभानची बायको. तो जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा गेलो होतो, त्यानंतर नाही. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, जूनमध्येच रिटायर झालेली. केस सगळे पांढरे, पण उभी राहायची पद्धत वॉर्डातलीच, कुणाला तरी आता सुई टोचायची आहे अशी. पैसे देऊन ती बाहेर आली आणि आम्ही दुकानाच्या पायरीवर कडेला उभे राहिलो. आमच्या सुमेधनं हा रिपोर्ट बनवून घेतलाय, ती म्हणाली. एजंटाकडून. पोरगा कंप्यूटरमधला, त्याला गुलाबाचं काय ठावं. चेवेळ्याच्या पुढं एक एकर बघून ठेवलाय, परवा बुधवारी बयाणा द्यायचा. "पैसे कोणाचे?" मी विचारलं. "माझेच की, रिटायरचे. अर्धे कागद आंध्रात गेले, अर्धे इकडं ऱ्हाइले, टेबलाटेबलानं फिरवलं मला, पन पैसे आले. चोवीस लाख. वरचं ब्यांक देनार." ती पान चाचपत होती. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "साहेब, आमी गेलतो होसूरला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तुमी सांगितलं त्याच्या पुढच्या दिवाळीत. सुमेधला सासूबाईपाशी ठेवलं, नऊ वर्साचा होता. म्हनले, चल, तुला पेटीवाला माळी दावतो. तीन दिवस फिरलो. दोन बागा होत्या, गेटावरून हाकलून दिलं. तिसऱ्या ठिकानी एका बाईनं आत घेतलं, झाडं दावली. म्हनली, इतकी फुलं कुनी सांगितली तुमाला? हे काय बोलले न्हाईत. येताना गाडीत म्हनले, साहेबाला कळू देऊ नको, वाईट वाटंल त्यांना." तिने नाक ओढलं, रडली नाही. "आन घरी आलो तर पोरगं दारातच. पप्पा, पाहिलं का? हे म्हनले, पाहिलं. झालं. तवापासून रोज. माळी, पेटी, विमान. आपलं बी असंल एक दिवस. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात सुद्दा तेच." मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा ना त्याला." तिने माझ्याकडे वॉर्डातल्या हट्टी म्हाताऱ्याकडे बघावं तसं पाहिलं. "काय सांगू? तुजा बाप खोटं बोलत होता? उद्या सर्वेची सुट्टी हाय, पोरगा घरी हाय. या, आन सांगा. तुमीच मोजली होती, तुमीच सांगा. आन साहेब, त्यांचं नाव नका येऊ देऊ मधी."

त्या दिवशी जामबागेत घरी येऊन मी काय केलं ते आठवत नाही, म्हणजे जेवलो असेन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी फुलांचा बाजार होता, तो उठून गुडीमल्कापूरला गेला. लोक म्हणतात वास गेला. मला तो कधीमधी येतो, कुजलेल्या देठांचा, आणि त्या दिवशी तो खोलीत बसून राहिला. माझ्या मनात सारखं एकच चित्र येत होतं, त्यात मी नव्हतोच. होसूरच्या उन्हात एक टायपिस्ट, इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी, गेटावरच्या वॉचमनला विचारतोय, भाई, वो पेटी बजाने वाला साब इधरच रहता क्या? वॉचमन हसतो. तो पुढच्या गेटावर जातो. मी आयुष्यात हजार थापा मारल्या, त्यातल्या एकीच्याही मागे कोणी चालत गेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि परत येऊन तो मी रिटायर होईपर्यंत माझ्यासमोर बसला, रोज सकाळी नमस्ते साहेब म्हणाला, डब्यातलं भरीत अर्धं मला दिलं. एकदाच, माझ्या निरोपसमारंभाच्या दिवशी, त्याने हार घालताना विचारलं होतं, "साहेब, तो माळी अजून असेल का हो?" मी म्हटलं होतं, "तो? त्याने लग्न केलं, तिथलीच, तमिळ बाई. आता दोघं मिळून वाजवतात." सूर्यभानने माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला होता. तेव्हा मला वाटलं होतं, प्रेमाने.

मंगळवारी शहर बंद. बस नाही, रिक्षा नाही, दुकानं नाहीत. माझी मोजणी नवाला झाली. एक शिक्षिका आली होती, तिने घरात किती जण विचारलं, मी एक म्हटलं, तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा एक म्हटलं. मग छत्री घेतली आणि विद्यानगरला चालत निघालो. काचीगुड्याच्या बाजूने इतका मोकळा रस्ता मी कर्फ्यूतसुद्धा पाहिला नव्हता. पण कर्फ्यूत दारं लागलेली असतात, इथे सगळी उघडी. प्रत्येक उंबऱ्यावर माणसं बसलेली, म्हातारे, बाया, दुबईहून खास मोजून घ्यायला आलेले जावई, सगळे मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन, आपल्याला कोणी विचारायला येईल याची वाट बघत. मधून चालणारा मी एकटाच. एका घरातून कोणीतरी उठून उभं राहिलं, मी मोजणारा आहे असं वाटून, आणि मी पुढे गेल्यावर बसलं. चालताना मी एक गोष्ट रचली. चांगली जमली होती. आकडा खरा, बाग खरी, पण होसूरची हवा वेगळी. तिथे उंची आहे, रात्री गार पडतात, पाणी गोड आहे. इकडे चेवेळ्याला बोअरचं पाणी खारं, मे महिन्यात प्लॅस्टिकखाली भट्टी, त्यामुळे सूर्यभानची बाग तिथे खरी आणि इथे अशक्य. कोणी खोटं नाही. नल्लकुंट्याच्या चढावर दम लागून थांबलो तेव्हा मला त्या गोष्टीचा अभिमानसुद्धा वाटला, आणि वाटला म्हणून किळस आली, पण टाकून देण्याइतकी नाही.

सुमेधने दार उघडलं. सूर्यभानचंच कपाळ. "अरे अंकल! चालत आलात? बाप रे. मम्मी, अंकल आले बघ!" सर्वेवाले त्यांच्याकडे येऊन गेले होते. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. केसरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही. "बरं झालं आलात," सुमेध म्हणाला. "बेसिक आकडा तर तुमचाच आहे ना? मी एजंटला बोललो, ये फिगर मेरे पप्पा के साब ने खुद काउंट किया. तो बोलला, ये तो सबके रिपोर्ट में रहता. मी बोललो, रहता ना, आया किधर से?" त्याने हसून माझ्यासमोर पडदा फिरवला. इकडे खर्च, तिकडे उत्पन्न, खाली कर्जाचे हप्ते, सात वर्षं. एकरातल्या अर्ध्या भागात प्लॅस्टिकचं घर, म्हणजे दोन हजार चौरस मीटर, वर्षाला चार लाख चौऱ्याहत्तर हजार फुलं. असा तो आकडा मी कधी गुणून पाहिला नव्हता. लिहून झाल्यावर मी त्याच्याकडे पुन्हा कधी गेलोच नव्हतो.

मी पाणी पिऊन सुरुवात केली. म्हटलं, बाबा रे, होसूरचं पाणी गोड, इथलं खारं. सुमेधने मान डोलावली. "करेक्ट. आर.ओ. लावू. किती, अडीच लाख?" आणि टक टक करून खर्चात एक ओळ घातली. खालचा नफा जरासा कमी झाला, पण होताच. मी म्हटलं, उन्हाळ्यात आत भट्टी होते. "त्याला पॅड असतात अंकल, ओले, आणि मोठे पंखे. चार लाख." आणखी एक ओळ. मी म्हटलं, करंट जातो, नवं राज्य आहे, कटौती फार आहे. "हौ, ते तर आहेच. जनरेटर." मी म्हटलं, सबसिडीची फाइल दोन राज्यांच्या मधे अडकेल. "मग सबसिडी धरायचीच नाही. काढून टाकू." त्याने काढून टाकली. माझ्या प्रत्येक थापेला त्याच्याकडे एक रकाना होता. खर्च अडतीस लाखांवरून पन्नासवर गेला, आणि तरीही खाली, सातव्या वर्षाशी, हिरव्या रंगात नफा तसाच उभा. मी इतकी फुलं दिली होती की काहीही त्यात बुडत नव्हतं. "बघा," तो खुशीत म्हणाला, "तुम्ही इतकं घाबरवलंत तरी निघतंय. पप्पा म्हणायचेच, साहेबांनी एकेक मोजलंय." केसरबाईची बांगडी दाराच्या चौकटीला लागली. मी तिकडे बघितलं नाही.

"ते मी मोजलं नव्हतं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी होसूरला गेलोच नाही. लॉजचं बिल होतं तेवढ्याचं. तेच लिहिलं."

तो हसला. साहजिक होतं, माझं बोलणं ऐकून त्या घरात वीस वर्षं लोक हसत आले होते. "काय अंकल, आता ही नवीन का?" मग माझा चेहरा बघून तो आईकडे वळला. तिचा बघून परत माझ्याकडे. मी बागेचं सांगितलं, माळ्याचं सांगितलं, विमानाचं सांगितलं, म्हणजे हे सगळं नव्हतं एवढंच सांगितलं. त्याला किती थोडे शब्द लागतात याचं मला आश्चर्य वाटलं. बाग उभी करायला मला अर्धा तास लागला होता. मोडायला चहा गार व्हायच्या आत झालं. खोलीत पंखा फिरत होता. सुमेध अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं म्हणाला, "पण पप्पांनी पाहिलं होतं. मम्मी पण होती. मला येऊन सांगितलं. दारात."

केसरबाई खाली फरशीकडे बघत होती. मला कळलं की आता एवढी एक थाप माझ्याकडून हवी आहे, आणि तिला पेटी नको, विमान नको, काही नको. "तसं सांगायला मीच लावलं त्यांना," मी म्हटलं. "ते तिथे जाऊन आले, त्यांना कळलं. मला येऊन विचारलं. माझी नोकरी जाईल म्हणून मी पाया पडलो. ते माझ्यासाठी गप्प बसले."

केसरबाईने मान वर केली. सूर्यभान मला काहीच विचारायला आला नव्हता, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. सुमेध उठला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर मी जिना उतरून जाऊ शकलो असतो. "तुम्ही आमच्या घरी जेवलात," तो एवढंच म्हणाला. मग त्याने लॅपटॉप स्वतःकडे फिरवला. आमच्या वेळेला आकडा बदलला की सगळी पानं पुन्हा टाइप करावी लागायची, आठवडा जायचा. त्याने फक्त त्या एका चौकोनावर बोट नेलं आणि दोनशे सदतीस पुसले. डोळ्याचं पातं लवायच्या आत खालच्या सगळ्या ओळी शून्य झाल्या. फुलं, खोकी, पहिलं वर्ष, दुसरं, सातवं. नफ्याच्या जागी खर्च तेवढे उरले, लाल, त्यात माझ्या मघाच्या पाणी-पंखे-जनरेटरच्या ओळीसुद्धा. केसरबाई येऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, पण तिने वाचलं नाही, नुसता पोराच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याने काढला नाही. "म्हणजे उद्या बयाणा नाही," तो म्हणाला. आईला, की पडद्याला, कळलं नाही. ती "नाही" म्हणाली.

वाटलं संपलं. मी छत्री शोधू लागलो. तेवढ्यात त्याने मान वर केली. डोळे लाल होते, आवाज मात्र ऑफिसातला झाला होता. "ठीक आहे. मग खरी किती येतात?"

"काय?"

"फुलं. रियल फिगर. एका मीटरला. शंभर? साठ? काहीतरी तर येत असतील ना. तुम्ही सांगा, मी टाकतो. कमी आली तर कमी. मग बघू, अर्धा एकर नाही तर पाव."

रिकाम्या चौकोनात एक बारीक रेघ उघडझाप करत होती आणि त्याचं बोट वर तयार होतं. केसरबाईसुद्धा माझ्याकडे बघायला लागली, जणू या घराला माझ्याकडून अजून एक गोष्ट यायची राहिली होती. माझ्या तोंडात आकडे आले. एकशे बारा. एकशे एकोणतीस. चौऱ्याण्णव. एकाहून एक खरे दिसणारे, कोणी मनाने काढत नाही असे. मी तोंड मिटून घेतलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तो थांबून राहिला, पुढे काहीतरी येईल म्हणून. पुढे काही नव्हतं.